चेहऱ्यावरील अल्पछेदी सौंदर्योपचार

चेहऱ्यावरील अल्पछेदी सौंदर्योपचार म्हणजे मोठी शस्त्रक्रिया न करता सुई, रासायनिक द्रावण किंवा प्रकाश, उष्णता अशा ऊर्जेच्या साहाय्याने चेहऱ्यावरील वार्धक्याच्या खुणा कमी करण्याच्या वैद्यकीय पद्धती होत. बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने, फिलर, केमिकल पील, लेसर, रेडिओ-लहरी व अल्ट्रासाउंड उपचार आणि धाग्यांचे उपचार यांचा त्यांत समावेश होतो. बहुतेक उपचारांना पूर्ण भूल द्यावी लागत नाही व रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. हे उपचार वार्धक्य थांबवत नाहीत. प्रत्येक उपचार वार्धक्यातील एखाद्याच बदलावर काम करतो आणि त्याचा परिणाम बहुधा तात्पुरता असतो.

वार्धक्यात चेहऱ्यात होणारे बदल

चेहऱ्याचे वार्धक्य त्वचेपुरते मर्यादित नसते. अंतस्त्वचेतील कोलॅजेन व इलॅस्टिन या प्रथिनांचे तंतू वयाबरोबर कमी होतात व विस्कळीत होतात, त्यामुळे त्वचा पातळ व सैल होते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर ही घट वेगाने होते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे व धूम्रपान यांमुळे हीच प्रक्रिया लवकर सुरू होते.

त्वचेखालील चरबी एकसंध थरात नसून वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेली असते, असे रॉड रोरिक व जोएल पेसा यांनी २००७ मध्ये दाखवले. यांपैकी गालाच्या खोल भागातील चरबी वयाबरोबर कमी होते. नेत्रखोबण रुंदावते आणि जबड्याच्या हाडांची झीज होते. हाडांचा आधार कमी झाल्याने वरील ऊती खाली उतरतात. भुवया उंचावणे, कपाळाला आठ्या घालणे यांसारख्या हालचालींमुळे पडणाऱ्या रेषा कालांतराने चेहरा स्थिर असतानाही दिसू लागतात.

सुरकुती स्नायूंच्या हालचालीमुळे पडली आहे, खालचा भराव कमी झाल्यामुळे पडली आहे की त्वचा सैल झाल्यामुळे पडली आहे, यावर उपचाराची निवड अवलंबून असते.

इतिहास

व्हिएन्ना येथील शल्यचिकित्सक रॉबर्ट गेर्सुनी यांनी १८९९ मध्ये शरीरातील उणीव भरून काढण्यासाठी पॅराफिनचे इंजेक्शन वापरले. पुढे ते चेहऱ्यासाठीही वापरले जाऊ लागले; परंतु पॅराफिन ऊतींमध्ये सरकून कठीण गाठी होत असल्याचे आढळल्याने ही पद्धत मागे पडली. १९८१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गाईच्या कातडीपासून काढलेल्या कोलॅजेनच्या इंजेक्शनला मान्यता दिली. त्याची अ‍ॅलर्जी होऊ शकत असल्याने आधी त्वचेवर चाचणी घ्यावी लागे. २००३ मध्ये हायलुरॉनिक आम्लाच्या फिलरला मान्यता मिळाल्यानंतर कोलॅजेनचा वापर झपाट्याने घटला.

बोट्युलिनम टॉक्सिनचा इतिहास अन्नविषबाधेपासून सुरू होतो. जर्मन वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी १८२० च्या सुमारास खराब झालेल्या सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचे सविस्तर वर्णन केले. १८९५ मध्ये बेल्जियममधील एका गावात हॅम खाल्ल्याने झालेल्या विषबाधेचा अभ्यास करताना एमिल व्हान एर्मेंगेम यांनी ती घडवणारा जीवाणू शोधला. अमेरिकन नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर या विषाचा अत्यल्प मात्रेत वापर केला. १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा व पापण्यांचे आकडी येणे या विकारांसाठी त्याला मान्यता मिळाली. कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुदर्स व त्यांचे पती, त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅलिस्टर कॅरुदर्स यांना पापण्यांच्या रुग्णांमध्ये भुवयांमधील आठ्याही नाहीशा झाल्याचे दिसले. १९९२ मध्ये त्यांनी हे निरीक्षण शोधनिबंधातून मांडले. २००२ मध्ये या सौंदर्यविषयक वापराला अमेरिकेत मान्यता मिळाली.

उपचारांचे प्रकार

बोट्युलिनम टॉक्सिन

चेतातंतूंच्या टोकांतून अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन स्रवते व त्यामुळे स्नायू आकुंचन पावतो. टॉक्सिन हा स्राव रोखते, त्यामुळे स्नायू सैल पडतो व त्यावरील त्वचेला आठ्या पडत नाहीत. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन ते चार महिने टिकतो. कपाळावरील रेषा, भुवयांमधील आठ्या व डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या यांसाठी हा उपचार प्रामुख्याने वापरतात. त्वचा सैल झाल्यामुळे पडलेल्या सुरकुत्यांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

फिलर

कमी झालेला भराव भरून काढण्यासाठी त्वचेखाली जेलसारखा पदार्थ टोचला जातो. हायलुरॉनिक आम्ल हे शरीरात नैसर्गिकरीत्या आढळणारे व पाणी धरून ठेवणारे द्रव्य आहे. फिलरमध्ये त्याचे रेणू एकमेकांना जोडलेले असल्याने ते सावकाश विरघळते. स्थान व प्रकारानुसार परिणाम साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. हायलुरॉनिडेज या विकराने ते विरघळवता येते. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपटाइट व पॉली-एल-लॅक्टिक आम्ल या फिलरबाबत तशी सोय नाही.

केमिकल पील

आम्लयुक्त द्रावणाने त्वचेचे वरचे थर काढले जातात व नवी त्वचा येऊ दिली जाते. ग्लायकोलिक आम्ल वरवरच्या, ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल मध्यम आणि फिनॉल खोल पीलसाठी वापरतात. फिनॉल रक्तात शोषले गेल्यास हृदयाची लय बिघडू शकते, त्यामुळे हा उपचार करताना हृदयावर सतत लक्ष ठेवावे लागते.

लेसर व इतर ऊर्जा-उपकरणे

कार्बन डायऑक्साइड लेसरची ऊर्जा त्वचेतील पाणी शोषून घेते व त्वचेचा पातळ थर बाष्परूपाने निघून जातो. २००४ मध्ये मांडलेल्या फ्रॅक्शनल पद्धतीत त्वचेवर सूक्ष्म ठिपक्यांच्या स्वरूपात किरण सोडले जातात. मधली त्वचा शाबूत राहत असल्याने जखम लवकर भरते. रेडिओ-लहरी व केंद्रित अल्ट्रासाउंड यांच्या उष्णतेने खोल थरांतील कोलॅजेन आकसते व नवे तयार होते. हा बदल सौम्य असून तो पूर्ण दिसण्यास काही महिने लागतात.

धाग्यांचे उपचार

शरीरात विरघळणारे, काटेरी कडा असलेले धागे सुईने त्वचेखाली घालून सैल ऊती वर ओढल्या जातात. सैलपणा फार असल्यास परिणाम अल्पकाळच टिकतो.

ज्येष्ठ व्यक्तींबाबत घ्यावयाची काळजी

अमेरिकेत २००२ मध्ये भुवयांमधील आठ्यांसाठी दिलेली टॉक्सिनची मान्यता ६५ वर्षांपर्यंतच्या प्रौढांसाठी होती. त्यामागील चाचण्यांत ६५ वर्षांखालील व्यक्तींमध्ये उपचाराला प्रतिसाद देणाऱ्यांचे प्रमाण अधिक दिसले होते. वृद्ध व्यक्ती जड झालेल्या पापण्या उचलून धरण्यासाठी नकळत कपाळाच्या स्नायूचा वापर करत असतात. तो स्नायू सैल केल्यास भुवया खाली येऊन दृष्टिक्षेत्र कमी होऊ शकते.

अनेक ज्येष्ठ व्यक्ती ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी अन्य औषधे घेतात. त्यामुळे इंजेक्शननंतर काळे-निळे डाग अधिक पडतात. तथापि हृदयविकार किंवा पक्षाघात टाळण्यासाठी दिलेली ही औषधे मूळ डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करणे धोक्याचे असते. पेसमेकर बसवलेल्यांना काही रेडिओ-लहरी उपचार निषिद्ध आहेत. अनियंत्रित मधुमेहात जखम उशिरा भरते. मायस्थेनिया ग्रेव्हिससारख्या चेता-स्नायू विकारांत टॉक्सिनमुळे अशक्तपणा वाढू शकतो.

वयाचा डाग समजून काढला जाणारा डाग हा त्वचेचा कर्करोगही असू शकतो. म्हणून संशयास्पद डागाचा तुकडा तपासल्याशिवाय त्यावर लेसर किंवा पील करू नये. अन्यथा निदान लांबते.

गुंतागुंत

सूज, लाली व काळे-निळे डाग हे सामान्य दुष्परिणाम काही दिवसांत ओसरतात. टॉक्सिन शेजारच्या स्नायूत पसरल्यास पापणी काही आठवडे खाली पडू शकते. पील व लेसरनंतर सुप्त नागीण पुन्हा उद्भवू शकते.

फिलर चुकून रक्तवाहिनीत गेल्यास त्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडून त्वचा मृत होऊ शकते. भुवयांमधील भाग व नाक येथील रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असल्याने कायमचे अंधत्व येण्याचा धोका असतो. तीव्र वेदना, त्वचा पांढरी पडणे किंवा दृष्टी अंधुक होणे ही तातडीची लक्षणे आहेत. त्यामुळे हे उपचार करणाऱ्यास चेहऱ्याच्या शरीररचनेचे ज्ञान असणे आणि हायलुरॉनिडेज हाताशी असणे आवश्यक मानले जाते.

भारतीय त्वचेच्या संदर्भात

थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात त्वचेचे प्रकार उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून ठरवले जातात. भारतीयांची त्वचा बहुधा त्यातील चौथ्या व पाचव्या प्रकारात मोडते. अशा त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने सूर्यप्रकाशापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते व बारीक सुरकुत्या तुलनेने उशिरा दिसतात. मात्र लेसर किंवा खोल पीलमुळे दाह झाल्यास तेथे काळे डाग पडण्याची शक्यता अधिक असते. म्हणून ऊर्जेची मात्रा कमी ठेवणे, वरवरचे पील निवडणे आणि उपचारापूर्वी व नंतर सनस्क्रीन वापरणे श्रेयस्कर ठरते.

मर्यादा

गळा व जबड्याखालील त्वचा खूप लोंबत असल्यास फेसलिफ्ट शस्त्रक्रियेइतका परिणाम अल्पछेदी उपचारांनी मिळत नाही. सैलपणा झाकण्यासाठी वारंवार फिलर भरल्यास चेहरा सुजल्यासारखा व अनैसर्गिक दिसू लागतो. परिणाम टिकवण्यासाठी उपचार पुन्हा पुन्हा घ्यावे लागत असल्याने एकूण खर्च वाढतो आणि केवळ सौंदर्यासाठी केलेल्या उपचारांचा खर्च आरोग्य विम्यातून साधारणतः मिळत नाही. उपचाराची मागणी रुग्णाची स्वतःची आहे की इतरांच्या आग्रहामुळे आहे, हे जाणून घेणे आणि अपेक्षित परिणाम, त्याचा कालावधी व धोके समजावून संमती घेणे हे वैद्यकीय नीतीनुसार डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

हेही पहा

त्वचा
कोलॅजेन
बोट्युलिझम
सुघटन शस्त्रक्रिया