जामखेडचे हातपंप आणि मनातली अढी

ख्रिस्ती क्षमा म्हणजे झालं गेलं विसरून गप्प राहणं, असा समज आपल्याकडे पक्का आहे. नगर जिल्ह्यातल्या जामखेडचा इतिहास तो खोडून काढतो. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य वेल्लोरला शिकलं, याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन इस्पितळात राबलं आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन 1970 साली या अवर्षणग्रस्त तालुक्यात आलं. जिल्ह्यातल्या ख्रिस्ती समाजाची मुळं बहुतांशी महार-मांग वस्त्यांत. मनात आकस धरायला या समाजाजवळ पिढ्यांची कारणं होती. तरीही आरोळ्यांनी सवर्णांना शत्रू ठरवलं नाही, आणि शिवाशिवीशी तडजोडही केली नाही. 1972 च्या दुष्काळात हातपंपाच्या विंधनविहिरी शक्यतो दलित वस्तीत घेतल्या गेल्या. पाणी कुणालाच नाकारलं नाही; मात्र ते भरायला सवर्ण बायकांना त्या वस्तीत यावं लागलं. आरोग्याचं कामही गावातल्याच बायकांच्या हाती दिलं. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित. प्रशिक्षणाला त्या जामखेडला येत, तेव्हा सगळ्या जातींच्या बायका एकत्र राहत, एकत्र जेवत. पुढे बाळंतपणाच्या घटकेला याच दलित बाईला सवर्णांच्या उंबऱ्याआत बोलावणं येऊ लागलं.

यावर रास्त आक्षेप आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच मन निर्मळ ठेवायला सांगणं अन्याय करणाऱ्याच्या सोयीचं नाही का? 1927 मध्ये चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी हक्क मागितला, क्षमेची भाषा केली नाही. तो संताप न्याय्यच होता, आणि कोरडी प्रवचनं देणाऱ्यांना हा आक्षेप लागूही पडतो. जामखेडला मात्र आधी पाणी, औषध आणि मान यांची वाटणी बदलली. मनं त्यामागून हलली. शुभवर्तमानही अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी दुखावलेल्या भावाशी समेट करायला सांगतं, म्हणजे पहिलं पाऊल दुखावणाऱ्याने उचलायचं. दुसरा आक्षेप असा की या सेविका बहुतेक हिंदूच होत्या, मग श्रेय ख्रिस्ती श्रद्धेला कसं? सगळं श्रेय तिला नाहीच. निम्म्याहून अधिक त्या बायकांच्या धैर्याला आहे. पण ज्याने छळलं त्याचंही मूल वाचवायचं, हा आग्रह आरोळ्यांनी आपल्या श्रद्धेतूनच आणला होता. 1971 साली आरोळ्यांच्या कामाच्या गावांत हजारामागे 176 तान्ही मुलं दगावत. 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला. वाचलेली मुलं दोन्ही वस्त्यांतली होती. म्हणून व्यासपीठावरून क्षमा सांगणाऱ्यांनी आधी आपल्या गावात पाणी कुणाच्या दारात आहे, ते पाहावं.