एचआयव्ही–पोषक प्रथिन संशोधन, महाराष्ट्रातील
मानवी प्रतिरक्षा-न्यूनता व्हायरस (एचआयव्ही) आणि त्याला आश्रय देणाऱ्या मानवी कोशिकेतील (पेशीतील) प्रथिने यांच्यातील आंतरक्रियांचा अभ्यास. हे संशोधन अनेक संस्थांच्या सहकार्याने चालते. महाराष्ट्रात त्याची प्रमुख केंद्रे पुणे व मुंबई ही असून त्याच्या वाटचालीवर अर्थसाहाय्याच्या स्वरूपाचा मोठा परिणाम झालेला आहे.

एचआयव्हीमध्ये केवळ नऊ जीन असतात व त्यांपासून सु. १५ प्रथिने तयार होतात. एवढ्या अल्प सामग्रीवर त्याला स्वतंत्रपणे वाढता येत नाही. कोशिकेत शिरणे, तिच्या डीएनएमध्ये स्वतःचा डीएनए गुंफणे, जीनांचे प्रतिलेखन करवून घेणे व नवे कण बाहेर सोडणे या प्रत्येक टप्प्यावर तो पोषक कोशिकेची प्रथिने वापरतो. उलट, त्याला अडविणारी प्रथिनेही कोशिकेत असतात. व्हायरसाच्या स्वतःच्या एंझाइमांत उत्परिवर्तने होऊन औषधांना रोध निर्माण होतो. पोषक प्रथिने मात्र इतक्या त्वरेने बदलत नाहीत. या अभ्यासाला औषधनिर्मितीच्या दृष्टीने महत्त्व आहे, ते यामुळेच. त्यासाठी व्हायरसविज्ञान, जीवरसायनशास्त्र, स्फटिकविज्ञान व संगणकीय विश्लेषण यांची, तसेच रुग्णांकडून मिळणाऱ्या नमुन्यांची सांगड घालावी लागते. एका प्रयोगशाळेला हे सर्व साधणे कठीण असते.

जागतिक पार्श्वभूमी : व्हायरस सीडी ४ या ग्राही प्रथिनाला चिकटतो, हे १९८४ मध्ये व सीसीआर ५ आणि सीएक्ससीआर ४ ही त्याची साहाय्यक ग्राही प्रथिने आहेत, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. एपोबेक ३ जी (२००२) व ट्रिम ५ अल्फा (२००४) या संरक्षक प्रथिनांचा शोध त्यानंतर लागला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्रीय सर्वसाधारण वैद्यकीय विज्ञान संस्थेने १९८७ पासून एड्सशी संबंधित प्रथिनांच्या संरचनेच्या अभ्यासाला अनुदान दिले आणि २००७ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को, सॉल्ट लेक सिटी व पिट्सबर्ग येथील तीन बहुसंस्थीय केंद्रांना दीर्घ मुदतीचे साहाय्य सुरू केले. २००८ साली तीन स्वतंत्र गटांनी व्हायरसाला आवश्यक अशा प्रत्येकी दोनशेहून अधिक मानवी घटकांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. परंतु त्यांत समान नावे फारच थोडी निघाली. विखुरलेल्या प्रयत्नांच्या मर्यादा त्यामुळे लक्षात आल्या. सॅन फ्रॅन्सिस्को येथील गटाने २०१२ मध्ये ४३५ मानवी प्रथिनांशी होणाऱ्या ४९७ आंतरक्रियांचा आराखडा मांडला. सीसीआर ५ ला अवरोध करणारे माराव्हिरॉक हे औषध २००७ मध्ये, तर व्हायरसाच्या कवचावर जेथे मानवी प्रथिने जुळतात त्याच खाचेत बसणारे लेनाकापाव्हीर हे औषध २०२२ मध्ये मान्यता पावले.

पुणे येथील आरंभ : भारतात एचआयव्ही संसर्ग प्रथम १९८६ मध्ये मद्रास (चेन्नई) येथे आढळला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या साहाय्याने व जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्या व्यक्तींचा दीर्घकालीन अभ्यास १९९३ पासून सुरू झाला. नव्याने संसर्ग झालेल्या व्यक्तींचे नमुने त्यातून उपलब्ध झाले. त्यांपैकी सहा व्यक्तींमधील व्हायरसांच्या जवळजवळ संपूर्ण जीनसंचाची मांडणी कविता लोळे व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील एक व्हायरस ‘ए’ व ‘सी’ या उपप्रकारांच्या मिश्रणाने बनलेला होता. या कामात वापरलेला ‘सिमप्लॉट’ हा संगणकीय कार्यक्रम पुढे जगभर व्हायरसांच्या तुलनेसाठी रूढ झाला.

या शोधामुळे एक मूलभूत प्रश्न पुढे आला. भारतातील बहुसंख्य संसर्ग ‘सी’ उपप्रकाराचे आहेत, तर पोषक प्रथिनांसंबंधीचे बरेचसे ज्ञान यूरोप-अमेरिकेत प्रचलित असलेल्या ‘बी’ उपप्रकारावरील प्रयोगांतून आलेले आहे. दोहोंतील फरक क्षुल्लक नाहीत. ‘सी’ उपप्रकारातील टॅट प्रथिनात ३१ व्या स्थानी सिस्टीनाऐवजी बहुधा सेरीन हे ॲमिनो अम्ल असते व त्यामुळे एककेंद्रक श्वेत कोशिकांना आकर्षित करण्याची त्याची क्षमता घटते, असे बंगळूर येथील उदयकुमार रंगा व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले. भारतीय रुग्णांत मेंदूचे विकार तुलनेने कमी का आढळतात, या प्रश्नाशी हे निरीक्षण निगडित आहे. परदेशी उपप्रकारावरील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करणे त्यामुळे योग्य ठरत नाही.

अर्थसाहाय्याचे मार्ग : परदेशी निधी मुख्यत्वे रोगप्रसार, औषधे व लसी यांच्या चाचण्यांकडे वळला. पुण्यात २००५ मध्ये भारतातील पहिली एचआयव्ही लस चाचणी आंतरराष्ट्रीय एड्स लस उपक्रमाच्या सहकार्याने झाली, हे याचे ठळक उदाहरण होय. अशा सहकार्याला आरोग्यमंत्र्यांच्या छाननी समितीची मान्यता लागते. कोशिकेतील प्रथिनांचा मूलभूत अभ्यास मात्र प्रामुख्याने देशांतर्गत सरकारी निधीवर उभा राहिला. जैवतंत्रज्ञान विभागाच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात (पुणे) देबाशिस मित्रा व सहकाऱ्यांनी, व्हायरसाच्या नेफ या प्रथिनाला जीनांचे कार्य वाढविण्यासाठी कोशिकेतील ‘एचएसपी ४०’ या उष्णताघात प्रथिनाची गरज असते, असे २००५ मध्ये सिद्ध केले. त्याच कुळाशी संबंधित ‘एचएसपी ७०’ हे प्रथिन उलट कार्य करते, असे २०११ मध्ये दिसून आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतील राष्ट्रीय प्रजननस्वास्थ्य संशोधन संस्थेत आत्माराम बांदिवडेकर व सहकाऱ्यांनी, सीडी ४ नसलेल्या योनिमार्गाच्या अस्तरकोशिकांवरील मॅनोज ग्राहीला व्हायरसाचे जीपी १२० हे प्रथिन चिकटते व त्यामुळे ऊतकाची वीण सैल करणारी एंझाइमे निर्माण होतात, असे २०११ मध्ये दाखविले. स्त्रियांना होणाऱ्या संसर्गाच्या दृष्टीने हे कार्य लक्षणीय आहे.

मूल्यमापन : बाधितांची संख्या देशात सर्वाधिक असलेल्या राज्यांत महाराष्ट्राची गणना होते. गोंदियासारख्या दूरच्या जिल्ह्यांतील जनतेचा या रोगविषयक व्यवस्थेशी संबंध येतो, तो तपासणी व औषधोपचारापुरता. तेथील रुग्णाला मिळणाऱ्या गोळीमागे मात्र दीर्घकाळ चाललेले मूलभूत संशोधन असते. लेनाकापाव्हीरच्या निर्मितीपूर्वी व्हायरसाच्या कवचाचा अभ्यास अनेक वर्षे अखंड चालू होता. तीन ते पाच वर्षांच्या सुट्या प्रकल्पांवर असे सातत्य टिकविणे अवघड जाते. प्रकल्प संपताच प्रशिक्षित संशोधक पांगतात व जपलेल्या नमुन्यांची उपयुक्तता घटते. पुण्यामुंबईत नमुने, कौशल्य व सुरक्षित प्रयोगशाळा या तिन्ही गोष्टी उपलब्ध झाल्या. ‘सी’ उपप्रकार व पोषक प्रथिने यांचा समग्र आराखडा तयार करण्यासाठी या संस्थांना एकत्र बांधणारे दीर्घ मुदतीचे अर्थसाहाय्य आवश्यक आहे.