नाताळच्या सुट्टीतले पंचवीस तास

जाहिराती लपवणारं, पानाला काळी पार्श्वभूमी देणारं, अक्षरं मोठी करणारं एखादं एक्स्टेन्शन बसवताना ब्राउझर सांगतो: हे सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचू आणि बदलू शकतं. आपण होकार देऊन पुढे जातो. पण ही परवानगी त्या एक्स्टेन्शनच्या पुढच्या प्रत्येक अपडेटलाही असते. डिसेंबर २०२४मध्ये कॅलिफोर्नियातल्या सायबरहेवन कंपनीच्या एक्स्टेन्शनचं जे झालं, त्यातून याचा अर्थ कळतो. (वेळा कॅलिफोर्नियातल्या.)

२४ डिसेंबर. कंपन्यांची गोपनीय माहिती बाहेर जाऊ नये, हे पाहणं हाच सायबरहेवनचा धंदा. तिच्या एका कर्मचाऱ्याला क्रोम वेब स्टोअरच्या नावाने मेल येतो: तुमच्या एक्स्टेन्शनने नियम मोडलेत, ते काढून टाकलं जाईल. मेलमधल्या लिंकवरून गुगलचं खरंखुरं परवानगीचं पान उघडतं. ‘प्रायव्हसी पॉलिसी एक्स्टेन्शन’ नावाचं अ‍ॅप तिथे परवानगी मागतं आणि कर्मचारी ती देतो. त्याच्या खात्याला टू-फॅक्टरचं संरक्षण होतं. पण पासवर्ड चोरलाच गेला नाही, त्यामुळे ते संरक्षण आडवं येण्याचा प्रश्नच आला नाही. स्टोअरमध्ये नवी आवृत्ती चढवण्याचा अधिकार हल्लेखोरांच्या हाती गेला.

संध्याकाळी ५.३२. मूळ एक्स्टेन्शनमध्ये चोरीचा कोड मिसळून केलेली २४.१०.४ ही आवृत्ती स्टोअरच्या तपासणीतून पार होऊन सुरू होते. वापरणारे सुमारे ४ लाख. ब्राउझर दर काही तासांनी स्वतःच अपडेट शोधतो आणि बसवतो. कुणाला काही विचारलं जात नाही.

रात्रभर. या कोडचे दोन भाग. एक पडद्यामागे राहून, कंपनीच्या नावाशी मिळत्याजुळत्या पत्त्यावरच्या सर्व्हरकडून हुकूम घेतो. दुसरा उघडलेल्या पानात बसतो. लक्ष्य मुख्यतः फेसबुकवरची व्यावसायिक आणि जाहिरात खाती. लॉगिन टिकवून ठेवणारं टोकन, खात्याचा क्रमांक, जाहिरात खात्याचा तपशील सर्व्हरकडे जाऊ लागतो. फेसबुकवर माउसचं बटण दाबलं, की पानावरच्या चित्रांत क्यूआर कोड आहे का, हेही तो तपासतो; बहुधा टू-फॅक्टरचं कुलूप उघडण्यासाठी.

२५ डिसेंबर, दुपारी ३.५४. ऐन नाताळात कंपनीच्या सुरक्षा पथकाच्या हे लक्षात येतं. २२ तास २२ मिनिटं उलटून गेली आहेत. तासाभराच्या आत दूषित आवृत्ती स्टोअरमधून हटवली जाते.

संध्याकाळी ६.५०. कोडचा वावर थांबतो. एकूण २५ तास १८ मिनिटं. स्वच्छ २४.१०.५ आवृत्ती जारी होते.

२६ आणि २७ डिसेंबर. आधी ग्राहकांना मेल जातात: आवृत्ती तपासा, पासवर्ड बदला, टोकन रद्द करा. मग घटना जाहीर होते. अभ्यासक माग काढतात, तर तिसाहून अधिक एक्स्टेन्शनांमध्ये अशीच घुसखोरी झालेली. त्यांचे वापरकर्ते मिळून सुमारे २६ लाख. काहींत ती महिनोन्‌महिने कुणाच्या ध्यानातच आली नव्हती.

सायबरहेवनकडे निदान सुरक्षेचं स्वतःचं पथक होतं. फावल्या वेळात एकट्याने एक्स्टेन्शन सांभाळणाऱ्याकडे कोण असणार? आणि प्रत्येक वेळी चोरीच व्हावी लागते, असंही नाही. वेबपानांचं रूप पालटणारं ‘स्टायलिश’ नव्या मालकाकडे गेलं. पुढे २०१८मध्ये ते लोकांचा ब्राउझिंगचा इतिहास बाहेर पाठवत असल्याचं उघड झालं, तेव्हा ते क्रोम आणि फायरफॉक्सच्या स्टोअरमधून हटवण्यात आलं.

म्हणून आजच एक्स्टेन्शनची यादी उघडा. जे वापरात नाही ते काढून टाका. जे ठेवाल, त्याला सर्व साइटऐवजी ठरावीक साइटपुरती किंवा क्लिक केल्यावरच मिळणारी परवानगी द्या; क्रोममध्ये ती सोय आहे. बँकेचे व्यवहार, ऑफिसचं काम यांसाठी एक्स्टेन्शन नसलेलं वेगळं प्रोफाइल ठेवा.

पण सगळा भार वापरणाऱ्यावर टाकून चालणार नाही. एक्स्टेन्शनचा मालक बदलला, तर स्टोअरने ते ठळकपणे कळवलं पाहिजे आणि परवानगी नव्याने मागायला लावली पाहिजे. होकार आपण एकाला दिलेला असतो. तो परस्पर दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये.