खाऱ्या जमिनीतली सदाफुली: मिठाचा ताण आला की वनस्पतीची प्रथिने काय करतात?

सदाफुली मूळची मादागास्करची. आज ती आपल्याकडे अंगणात, कुंपणाला, अगदी किनाऱ्याजवळच्या वाळूतही उगवते. फारशी निगा न घेता वर्षभर फुलणाऱ्या या झुडपाच्या पानांत व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही कर्करोगावरची दोन औषधे असतात. व्हिनक्रिस्टिन प्रामुख्याने लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरतात, तर व्हिनब्लास्टिन हॉजकिन्स लिम्फोमासारख्या आजारात. पण पानांतले त्यांचे प्रमाण अगदी नगण्य. १ ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात.

म्हणूनच सदाफुली खाऱ्या जमिनीत लावली तर औषध वाढते की घटते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. समुद्राचे पाणी शिरणारी कोकणातली खारजमीन असो किंवा उसाला वर्षानुवर्षे जास्त पाणी दिल्याने क्षारपड झालेली सांगली-कोल्हापूरकडची शेते असोत, तिथे नेहमीची पिके नीट येत नाहीत. मग औषधी वनस्पती घ्याव्यात का, असा विचार होतोच.

मीठ नेमके काय बिघडवते?

चिरलेल्या कैरीला मीठ लावून ठेवले की तिला पाणी सुटते. खाऱ्या मातीत मुळांचेही असेच होते. बाहेर मीठ जास्त असल्याने पाणी आत ओढणे अवघड जाते आणि जमीन ओली असूनही झाड तहानलेले राहते.

दुसरा त्रास सोडियमचा. पेशीतल्या अनेक एन्झाइमना काम करण्यासाठी पोटॅशियम लागते. सोडियम रासायनिकदृष्ट्या त्याच्याच जवळचे असल्याने ते पोटॅशियमची जागा अडवते, पण त्याचे काम करत नाही. तिसरा त्रास पाठोपाठ येतो. पाणी वाचवायला पानांवरची रंध्रे मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत येणे कमी होते, पण ऊन मात्र पडतच राहते. ही न वापरलेली ऊर्जा ऑक्सिजनकडे वळते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे घातक रेणू तयार होतात.

प्रथिनेच का तपासायची?

जनुके खाऱ्या जमिनीतही तीच असतात. बदलते ते त्यांच्यावरून कोणते प्रथिन किती बनवायचे, हे. शिवाय काही प्रथिने आधीपासूनच पेशीत असतात आणि त्यांना फॉस्फेटचा गट जोडला गेला की ती कामाला लागतात. नुसती जनुके पाहून हे कळत नाही. म्हणून साध्या पाण्यावर आणि मिठाच्या पाण्यावर वाढवलेल्या झाडांची प्रथिने वेगळी काढून, वजनानुसार ओळखून, शेजारी शेजारी ताडून पाहतात. या पद्धतीला प्रोटिओमिक्स म्हणतात.

सोडियम बाहेर काढण्याची यंत्रणा आधी उलगडली ती औषधी वनस्पतीत नव्हे, तर मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात. मीठ वाढले की पेशीत कॅल्शियमची लाट येते. एसओएस-३ हे प्रथिन ती ओळखते आणि एसओएस-२ ला जागे करते. एसओएस-२ फॉस्फेट जोडून एसओएस-१ ला चालू करते आणि पेशीच्या पटलावर बसलेले एसओएस-१ सोडियम बाहेर फेकू लागते. (नाव संकटातल्या हाकेसारखे वाटते, पण ते 'सॉल्ट ओव्हरली सेन्सिटिव्ह' या शब्दांवरून आले.) जे सोडियम बाहेर जात नाही ते एनएचएक्स नावाची प्रथिने पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडून ठेवतात. यासाठी लागणारे पंप सतत ऊर्जा खातात. ती ऊर्जा वाढीतून वजा होते, म्हणून खाऱ्या जमिनीतले झाड खुजे राहते.

बाकीची फळीही उभी राहते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटॅलेज आणि पेरॉक्सिडेज ही एन्झाइम घातक रेणू निकामी करतात. पाणी धरून ठेवायला उपयोगी पडणारे प्रोलिन बनवणारी एन्झाइम वाढतात. इतर प्रथिनांची घडी विस्कटू नये म्हणून रक्षक प्रथिने येतात. ऑस्मोटिन हे प्रथिन १९८०च्या दशकात मिठाला सरावलेल्या तंबाखूच्या पेशींत सापडले. तंबाखूच्याच कुळातल्या अश्वगंधेतही ते आहे आणि बुरशीलाही अडवते.

आणि औषधाचे काय?

इथे सदाफुलीची खरी गंमत आहे. तिची औषधी द्रव्ये ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सुरू होणाऱ्या लांबलचक साखळीत तयार होतात. साखळीतले स्ट्रिक्टोसिडिन सिंथेज हे कळीचे एन्झाइम रिक्तिकेतच काम करते, म्हणजे जिथे सोडियम कोंडले जाते त्याच प्रकारच्या पिशवीत. ताण आल्यावर वाढणारे जॅस्मोनेट हे संप्रेरक ऑर्का-३ या नियामक प्रथिनामार्फत साखळीतली काही जनुके चालू करते, हे २००० साली दाखवले गेले. शेवटी कॅथारँथिन आणि व्हिंडोलिन हे दोन रेणू जोडून व्हिनब्लास्टिनची आधीची पायरी तयार होते. ती जोडणी करते एक पेरॉक्सिडेज, तेही हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून. मात्र कॅथारँथिनचा बराचसा साठा पानावरच्या मेणात आणि व्हिंडोलिन आतल्या पेशींत, त्यामुळे दोघांची गाठ क्वचित पडते. औषध इतके कमी का, याचे हे एक मोठे कारण.

काही प्रयोगांत मिठाच्या ताणाखाली सदाफुलीच्या मुळांतले अजमॅलिसिन हे द्रव्य वाढलेले दिसले. अशा बातम्यांचे मथळे 'खारट पाण्याने औषध वाढते' असे होतात. ते अर्धेच खरे. प्रयोगशाळेत प्रमाण मोजतात दर ग्रॅमला, शेतकऱ्याला पैसे मिळतात एकूण मालाचे. समजा, दर ग्रॅमला औषध २० टक्क्यांनी वाढले आणि पानांचे वजन ४० टक्क्यांनी घटले, तर एकूण औषध पूर्वीच्या ७२ टक्केच राहील. मीठ आणखी वाढले तर ऊर्जा तग धरण्यातच संपते. म्हणून अशा जमिनीत लागवड करण्याआधी मातीची क्षारता तपासून, छोट्या तुकड्यावर एकूण उत्पादन मोजून पाहणेच शहाणपणाचे.

मधुमेहासाठी सदाफुलीची पाने चावून खाण्याचे संदेश मोबाइलवर फिरतात, त्यांच्याशीही याचा थेट संबंध आहे. ही द्रव्ये पेशींचे विभाजन रोखतात, निरोगी पेशींचेही. रुग्णालयातले व्हिनक्रिस्टिन शुद्ध केलेले आणि मिलिग्रॅममध्ये मोजलेले असते. अंगणातल्या पानात कोणते द्रव्य किती आहे, हे मात्र माती, पाणी आणि पानाचे वय यांनुसार बदलते आणि ते चवीवरून ओळखता येत नाही.