अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि अर्थभेद

समोच्चारी शब्दांतून नेमका शब्द निवडणे ही केवळ इंग्रजी शिकणाऱ्याची अडचण मानली जाते. मराठीत तिचे स्वरूप वेगळे आहे. येथे कोणते शब्द परस्परांत मिसळावेत आणि कोणते वेगळे राहावेत, हे पुष्कळ अंशी लेखननियमांनी ठरविले आहे.

एकोणिसाव्या शतकातील छापील मराठीत नांव (अभिधान) आणि नाव (होडी), तें (नपुंसकलिंगी एकवचन) आणि ते (पुल्लिंगी अनेकवचन) यांतील भेद अनुस्वार दाखवीत असे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले. १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार या नियमांनी गाळले. नांव आणि नाव एकरूप झाले. भेद संदर्भावर सोपविला गेला.

येथे उच्चार हा निकष होता. तत्सम शब्दांच्या उपान्त्य स्वराबाबत मात्र व्युत्पत्ती प्रमाण मानली गेली. 'वीट' दीर्घ, पण 'विष' ऱ्हस्व. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. सामान्य बोलण्यात हा भेद बहुधा ऐकू येत नाही. शिवाय अन्त्य स्वराच्या बाबतीत व्युत्पत्तीही सोडली गेली: 'कवि' 'कवी' झाला आणि हात या अर्थाचा 'पाणि' जलवाचक 'पाणी'शी एकरूप झाला. 'पाणिग्रहण' या समासात तेवढा मूळ ऱ्हस्व टिकला.

उच्चाराचा निकषही पूर्णपणे पाळला गेला असे म्हणता येत नाही. वारणा खोऱ्यातील कोडोलीचा विद्यार्थी 'पोरगं आलं' आणि 'पाहुणे आले' असे म्हणतो. लिंगवचनाचा भेद त्याच्या क्रियापदात स्पष्ट ऐकू येतो. प्रमाण लेखनात मात्र त्याला 'मूल आले' आणि 'पाहुणे आले' असे लिहावे लागते. 'आलें'वरील अनुस्वार गेला आणि 'आलं' हे रूप संवादापुरते, बोलीच्या कक्षेत ठेवले गेले. म्हणजे बोलीने जपलेला भेद लेखनाने पुसला आणि कानाला न जाणवणारा दिन-दीन हा भेद त्याच विद्यार्थ्याने पाठ करावा, अशी अपेक्षा ठेवली.

अशा शब्दांतील चुकीला अज्ञान म्हणण्यापूर्वी ती कोणत्या निकषाने चूक ठरते, हे पाहणे आवश्यक आहे. शुद्धलेखनाचा इतिहास हा कोणाचा कान आणि कोणाची व्युत्पत्ती प्रमाण मानावी, या निवडीचाही इतिहास आहे.