देहूच्या वाण्याचा हिशेब

सतराव्या शतकातलं देहू म्हणजे इंद्रायणीकाठची छोटी बाजारपेठ. तिथली महाजनकी मोरे घराण्याकडे होती. शेती, दुकान, सावकारी आणि पूर्वज विश्वंभरबोवांनी उभारलेलं घरचं विठ्ठलाचं देऊळ, असा सगळा पसारा. थोरला सावजी विरक्त. त्याने व्यवहारात लक्ष घालायला नकार दिला, तेव्हा वडिलांनी, बोल्होबांनी, दुकान मधल्या मुलाच्या, तुकोबांच्या अंगावर टाकलं. पोरवयात गादीवर बसलेल्या या मुलाने सुरुवातीला धंदा चांगला सांभाळला, असं परंपरा सांगते.

मग आईवडील गेले आणि पाठोपाठ 1630 च्या सुमाराचा दुष्काळ आला. मोगल, निजामशाही आणि आदिलशाही फौजांनी मुलूख आधीच तुडवलेला. त्याच काळात आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळून तिथे गाढवाचा नांगर फिरवला. दख्खन-गुजरातेतल्या या उपासमारीबद्दल शाहजहानच्या दरबारी इतिहासकाराने, अब्दुल हमीद लाहोरीने लिहून ठेवलं आहे की भाकरीसाठी माणसं स्वतःला विकायला निघाली, तरी घेणारा मिळेना. देहूच्या महाजनाचंही दिवाळं निघालं. थोरली बायको अन्न अन्न करत मेली. मुलगाही दगावला.

पुढचं चित्र घराघरांत ठाऊक आहे: तुकोबा डोंगरावर गेले, ध्यान लागलं, साक्षात्कार झाला. भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर हे तिन्ही डोंगर आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. तिथली लेणी त्यांच्याही कितीतरी आधीची. एकांत शोधणारी माणसं या वाटेने पूर्वीपासून येत होती. पण डोंगर डोळ्यांसमोर आला की गावात काय घडलं ते झाकलं जातं.

गावात घडलं ते असं. घरात गहाणखतं पडून होती. दुष्काळात ऋणको कंगाल झाले की सावकाराला जमीन गिळायला तीच तर वेळ. तुकोबांनी ती खतं इंद्रायणीत बुडवायला काढली. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, मला संसार आहे, माझा वाटा द्या. तुकोबांनी निम्मी खतं त्याच्या हवाली केली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. माझ्या मते या कथेतला सगळ्यात मोठा भाग हाच. स्वतःला जे पटलं त्याची किंमत त्यांनी भावाकडून वसूल केली नाही. (धाकट्या बायकोला, जिजाईला, मात्र ती मोजावी लागली, तिच्या कपाळी कजाग बायको म्हणून बदनामीच आली.)

तुकोबांनी आपली हकिकत एका अभंगात स्वतःच सांगितली आहे, तीही संतांनी विचारलं म्हणून, काहीशा संकोचाने. गंमत अशी की या अभंगात डोंगराचा उल्लेखच नाही. आहे ते सगळं जमिनीवरचं. धंद्यात तोटा आला, जगण्याची लाज वाटू लागली. देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. एकादशीला कीर्तन सुरू केलं, पण आधी अभ्यासात चित्तच नव्हतं. मग संतांची वचनं पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे राहून ध्रुपद धरलं. खरंखोटं ठरवताना आपल्या मनालाच साक्षीला घेतलं, बहुमत मानलं नाही. स्वप्नातला गुरूपदेश आणि कवित्वाची स्फूर्ती यांचा क्रम या सगळ्यानंतरचा.

आयुष्याचं प्रयोजन एका क्षणात उजळून निघतं, या समजुतीला हा अभंग थारा देत नाही. तुकोबांना काम आधी सापडलं, शब्द नंतर. तेही सुखाने लाभले नाहीत: विरोध झाला, अभंगांच्या वह्या बुडाल्या, ते धरणं धरून बसले.

ज्याने लोकांची कर्जखतं बुडवली त्याचे अभंग लोकांनी जपले. चाकणच्या संताजी जगनाड्यांनी, म्हणजे एका तेल्याने, ते लिहून ठेवले. शिऊरच्या बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानलं आणि पुढे स्वतःचंही आयुष्य अभंगांत मांडलं. मराठीतल्या स्त्रीच्या आत्मकथनाची ती फार जुनी खूण.

माघ शुद्ध दशमीला, तुकोबांच्या अनुग्रहाच्या दिवशी, भंडाऱ्यावर गर्दी लोटते. चढण चढायला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी गाथेतला तो आत्मचरित्रपर अभंग एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा.