सॉर्टिंग ऐकायचं कसं? अल्गोरिदमचा आवाज

आमच्या नाशिक ढोलात एकाचा ठोका चुकला, तर डोळे मिटूनही कळतं. कोडची चूकसुद्धा अशी ऐकू येते.

समजा, १ ते १०० आकडे विस्कटलेले आहेत आणि ते चढत्या क्रमाने लावायचेत. प्रोग्रामने दोन आकड्यांची तुलना केली, की त्यातल्या मोठ्या आकड्याचा सूर वाजवायचा. लहान आकड्याला खालचा सूर, मोठ्याला वरचा. कॉम्प्युटर हे काम क्षणात संपवतो, म्हणून मुद्दाम वेग कमी करून दर तुलनेला १० मिलिसेकंद द्यायचे.

बबल सॉर्ट शेजारचे दोन आकडे बघतो आणि क्रम चुकला असेल तर अदलाबदल करतो. त्यामुळे प्रत्येक फेरीत सूर वर चढत जातो. मर्ज सॉर्टमध्ये आधी छोटे छोटे तुकडे ऐकू येतात, मग लांब होत जाणाऱ्या चढत्या ओळी.

बबल सॉर्टच्या सगळ्या फेऱ्या झाल्या तर ४,९५० तुलना, म्हणजे जवळपास ५० सेकंद. मर्ज सॉर्टला जास्तीत जास्त ५७३, म्हणजे ६ सेकंदांच्या आत! आकडे २०० केले, की बबल सॉर्ट ३ मिनिटांच्या वर जातो. इंजिनिअरिंगला ‘एन स्क्वेअर’ पाठ करून मी मार्क मिळवले होते. त्याचा खरा वैताग हे ऐकताना आला.

ही कल्पना जुनी आहे. मार्क ब्राउन आणि जॉन हर्शबर्गर यांनी १९९२ मध्ये अल्गोरिदम दाखवताना रंग आणि आवाज कसे वापरायचे यावर लेख लिहिला. २०१३ मध्ये टिमो बिंगमन यांचा ‘साउंड ऑफ सॉर्टिंग’ आला. १५ अल्गोरिदम, साधारण ६ मिनिटं. यूट्यूबवर आहे, इअरफोन लावून ऐकाच (आवाज आधी कमी करा, कान किटतात).

आता माझी फजिती. मी बबल सॉर्ट लिहिला, उत्तरं सगळी बरोबर. मग जवळपास लागलेली यादी दिली, फक्त ४० आणि ४१ उलटे. पहिल्या फेरीत ते सरळ झाले. दुसऱ्या फेरीत काही बदललं नाही, की थांबायला हवं: १९७ तुलना, २ सेकंद. पण सूर चढतच राहिले, पन्नास सेकंद! ‘अदलाबदल झाली का’ हे सांगणारा फ्लॅग मी प्रत्येक फेरीआधी फॉल्स करायच्या ऐवजी सुरुवातीला एकदाच केला होता. ती एक ओळ बाहेरच्या लूपच्या आत घेतली. पुन्हा चालवलं, तर दोन चढत्या ओळी वाजल्या आणि शांत.